यहुदी प्रार्थना : नियम आणि भाव

इ. स. ७० सालीं रोमन सेनापति टायटस याच्या सैन्यानें जेरुसलेम शहर जिंकून तेथील यहुदी लोकांचें मंदिर जाळून टाकलें. परचक्रांत देवालयें उद्ध्वस्त व्हावीं, ही गोष्ट जगाच्या इतिहासांत नवी नाहीं. महाराष्ट्रीय वाचकांस तर ती मुळींच अपरिचित नाहीं. एक मूर्ति भंगली तर दुसरीची प्राणप्रतिष्ठा करतां येते; एका गांवचें देऊळ पडलें तर दुसऱ्या गांवीं पूजा चालूं राहते. यहुद्यांस ही सोय नव्हती. त्यांच्या धर्मशास्त्रानें बलि अर्पण करण्यास साऱ्या पृथ्वीवर एकच स्थान मान्य केलें होतें, आणि तें स्थान म्हणजे हेंच मंदिर. तेथील वेदीवर रोज प्रातःकाळीं एक आणि दिवस कलल्यावर एक अशा दोन कोकरांचा बलि दिला जाई. वर्षांतून एका दिवशीं साऱ्या राष्ट्राच्या पापांचें क्षालन व्हावें म्हणून मुख्य पुरोहित तेथल्याच गाभाऱ्यांत प्रवेश करी. मंदिर जळालें त्या दिवशीं ईश्वरापर्यंत पोंचण्याचा शास्त्रसंमत राजमार्गच बंद पडला.

असें असतांहि हा धर्म नामशेष झाला नाहीं. ज्याची सार्वजनिक उपासना मुख्यत्वें बलिरूप होती, तो धर्म वेदीवांचून साडेएकोणीसशें वर्षांहून अधिक काळ जगला आहे. आणि या काळांतील बहुतेक भागांत त्याच्या अनुयायांस स्वतःचें राज्य नव्हतें, कित्येकदां स्वतःचें म्हणावें असें गांवहि नव्हतें. हें ज्या अनेक गोष्टींमुळें शक्य झालें, त्यांत त्यांची प्रार्थना ही प्रमुख होय. वेदीच्या जागीं त्यांनीं शब्दाची स्थापना केली. परंतु असें करतांना एक मोठा पेच उभा राहिला. दुसऱ्यानें घालून दिलेले ठराविक शब्द ठराविक वेळीं रोज उच्चारूं लागलें असतां त्यांत अंतःकरणाचा ओलावा टिकावा कसा? आणि ठराविक शब्द नसतील, तर देशोदेशीं विखुरलेला समाज एकत्र राहावा कसा? यहुदी प्रार्थनेचा इतिहास हा बहुतांशीं या दोन प्रश्नांच्या ओढाताणीचा इतिहास आहे, आणि त्या दृष्टीनेंच तो येथें पाहण्याचें योजिलें आहे.

मंदिर होतें त्या काळीं प्रार्थना नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. यहुदी धर्मग्रंथांत जागोजागीं प्रार्थना आहेत. मात्र त्या प्रसंगानें सुचलेल्या व ज्याच्या त्याच्या आहेत. आपल्या बहिणीस रोगमुक्त करावें म्हणून मोशे देवाची विनवणी करतो, ती मूळ हिब्रू भाषेंत अवघी पांच शब्दांची आहे. त्याहून प्रसिद्ध अशी प्रार्थना हन्ना नांवाच्या स्त्रीची. ती निपुत्रिक असल्यामुळें शिलो येथील देवस्थानीं जाऊन आपलें दुःख देवापुढें मांडीत होती. तिचे ओंठ हलत होते, पण शब्द ऐकूं येत नव्हता. तें पाहून एली नांवाच्या पुरोहितास वाटलें कीं, ही बाई मद्य प्यालेली आहे, आणि त्यानें तिला हटकलें. खरी हकीकत कळल्यावर मात्र त्याला तिला आशीर्वाद देऊन बोळवावें लागलें. पुढें तिला झालेला मुलगा म्हणजे सॅम्युएल हा प्रेषित. या कथेंतील मौज अशी कीं, पुरोहिताला जी प्रार्थना म्हणून ओळखूंहि आली नाहीं, तीच पुढच्या शास्त्रकारांनीं आदर्श मानिली. ओंठ हलले पाहिजेत, आवाज मोठा होतां कामा नये, चित्त शब्दांकडे असलें पाहिजे, हे नियम त्यांनीं या अनाम वेदनेच्या क्षणांतून काढले.

मंदिर असतांनाच गांवोगांवीं सभागृहेंहि होतीं. लोक तेथें जमत, धर्मग्रंथाचें वाचन ऐकत आणि त्यावर विचार करीत. तेव्हां ७० सालच्या आपत्तीनंतर नव्यानें कांहीं शोधून काढावें लागलें नाहीं. जें दुय्यम होतें त्याला प्रधान स्थान द्यावें लागलें. हें काम याव्ने या लहानशा गांवीं झालें. वेढा पडलेल्या जेरुसलेमांतून योहानान बेन झक्काई हे वृद्ध आचार्य प्रेतपेटींत निजून शिष्यांकरवीं बाहेर पडले आणि रोमन सेनापति व्हेस्पेशियन याच्याजवळ त्यांनीं याव्ने व तेथील विद्वान् एवढेंच मागून घेतलें, अशी परंपरागत कथा आहे. कथेंतील तपशील कसाहि असो, त्या गांवीं विद्यापीठ उभें राहिलें हें खरें. आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस तेथील अध्यक्ष गमलीएल यांच्या देखरेखीखालीं प्रार्थनेचीं अठरा कलमें अनुक्रमानें लावण्यांत आलीं. पुढें त्यांत एकाची भर पडून तीं एकोणीस झालीं, तरी लोकांत ‘अठरा’ हेंच नांव रूढ राहिलें. ही प्रार्थना उभ्यानें करावयाची असल्यामुळें तिला ‘आमिदा’ म्हणजे उभी प्रार्थना असेंहि म्हणतात.

वेळाहि ठरल्या. सकाळच्या बलीच्या जागीं सकाळची प्रार्थना, तिसऱ्या प्रहराच्या बलीच्या जागीं तिसऱ्या प्रहराची. आणि शब्बाथ व सणांच्या दिवशीं जादा बलि होत असे म्हणून त्या दिवशीं एक जादा प्रार्थना. रोजच्या तीन वेळा अब्राहाम, इसहाक व याकोब या पूर्वजांनीं घालून दिल्या, असेंहि एक मत ताल्मूद ग्रंथांत नमूद आहे. पण प्रार्थनेला आचार्यांनीं ‘हृदयाची सेवा’ असें जें नांव दिलें, त्यांत ‘सेवा’ हा शब्द मंदिरांतील यज्ञकर्माचाच आहे. जी सेवा वेदीवर होत होती ती आतां अंतःकरणांत व्हावयाची, हा त्याचा अर्थ.

या प्रार्थनेची घडण पाहण्यासारखी आहे. पहिलीं तीन कलमें स्तुतीचीं, शेवटचीं तीन मुख्यतः आभाराचीं व शांतीचीं. मधलीं सारीं मागण्यांचीं. मागण्यांत प्रथम मागितली जाते ती बुद्धि. गायत्रीमंत्राचा अर्थ जाणणाऱ्या वाचकांस हें साम्य सहज जाणवेल. त्यानंतर पश्चात्ताप, क्षमा, आरोग्य, चांगलें पीकपाणी, विखुरलेल्यांचें एकत्र येणें, न्याय, जेरुसलेमची पुनर्घटना अशा क्रमानें याचना पुढें जाते. हें सर्व मागणें अनेकवचनीं आहे; एकटा मनुष्य घरांत उभा राहून म्हणत असला तरी तो ‘आम्हांस’ असेंच म्हणतो. शब्बाथच्या दिवशीं मात्र मधल्या मागण्या गाळून टाकितात. तो विश्रांतीचा दिवस. त्या दिवशीं आपल्या गरजांचा पाढा वाचून मनास क्लेश देऊं नये, आणि देवाकडेहि तगादा लावूं नये, असा त्यांतील भाव.

आमिदा म्हणतांना पाय जुळवून, तोंड जेरुसलेमच्या दिशेस करून उभें राहावयाचें असतें. तिच्या आधीं सकाळीं व सायंकाळीं ‘शमा’ म्हणावयाचा असतो. ‘शमा’ म्हणजे ‘ऐक’. ईश्वर एकच आहे, अशी इस्राएलास ग्वाही देणारें हिब्रू भाषेंतील सहा शब्दांचें वाक्य आरंभीं असून त्यापुढें ईश्वरावर सर्वस्वानें प्रेम करावें, हें मुलांस शिकवावें, घरीं दारीं त्याचें स्मरण ठेवावें, असें सांगणारे धर्मग्रंथांतील उतारे येतात. आमिदा ही मनुष्यानें देवाशीं बोलण्याची, तर शमा ही मनुष्यानें ऐकण्याची प्रार्थना होय.

प्रार्थना एकट्यानें करतां येत असली तरी तिचे कांहीं महत्त्वाचे भाग निदान दहा जण जमल्यावांचून म्हणतां येत नाहींत. या दहांच्या समूहास ‘मिन्यान’ म्हणतात. मृतासाठीं म्हणावयाचा ‘कद्दीश’ हा त्यांपैकींच एक. तो बहुतांशीं आरामी भाषेंत असून त्यांत मृत्यूचा उल्लेखसुद्धां नाहीं. आहे ती केवळ ईश्वराच्या नामाची थोरवी. आईबापांच्या निधनानंतर अकरा महिने मुलानें तो म्हणावा, असा प्रघात मध्ययुगांत पडला. दुःखाच्या भरांत जो माणूस दाराआड बसून राहिला असता, त्याला हा नियम रोज नऊ माणसांच्या सोबतीस आणून उभा करतो. ज्यांनीं हा नियम केला त्यांस मनुष्यस्वभावाची चांगली पारख होती, असें म्हणावें लागतें. मात्र या दहांत परंपरेनें पुरुषांचीच गणना होत आली. ज्या प्रार्थनेचे नियम एका स्त्रीच्या मुखाकडे पाहून ठरले, तिच्या समूहांत स्त्रीस स्थान नसावें, ही विसंगति पुष्कळ काळ कोणास टोंचली नाहीं. पुढें सुधारक पंथांनीं ती दूर केली; अमेरिकेंतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणविणाऱ्या मध्यम पंथानें १९७३ सालीं स्त्रियांची गणना करण्यास अनुमति दिली. सनातनी पंथांत जुनाच नियम चालूं आहे.

आतां मूळ पेचाकडे वळूं. प्रार्थना ठराविक करण्यास याव्नेच्या काळींच विरोध झाला होता. गमलीएल यांचें म्हणणें, प्रत्येकानें रोज अठराहि कलमें म्हणावीं. यहोशुवा यांच्या मतें त्यांचा सारांश पुरे. अकिवा यांनीं मध्यम मार्ग सुचविला : ज्याच्या तोंडीं प्रार्थना बसली आहे त्यानें ती पूर्ण म्हणावी, इतरांनीं सारांश म्हणावा. एलीएजर हे सर्वांहून पुढें गेले. जो आपली प्रार्थना ठराविक करून टाकतो त्याच्या प्रार्थनेंत काकुळती उरत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. हीं सर्व मतें मिश्ना या ग्रंथांत शेजारीं शेजारीं नमूद केलेलीं आहेत. पराभूत मत पुसून टाकण्याची त्या शास्त्रकारांची पद्धति नव्हती.

या वादाला एकदां फार कडवट रूप आलें. रात्रीं मंदिरांत नित्य बलि नसे. मग रात्रीची प्रार्थना आवश्यक कीं ऐच्छिक, असा प्रश्न निघाला. यहोशुवा यांनीं ती ऐच्छिक असल्याचें एका शिष्यास सांगितलें, तर गमलीएल यांनीं आवश्यक असल्याचें. भर सभेंत गमलीएल यांनीं यहोशुवांना उभें केलें आणि स्वतः बसून प्रवचन चालूं ठेविलें. वृद्ध विद्वानाची ही अवहेलना सभेला सहन झाली नाहीं. तिनें तेथल्या तेथें अध्यक्षांस पदच्युत करून एलाझार बेन अझऱ्या या तरुणाची निवड केली. गमलीएल यांच्या अमदानींत कडक परीक्षेमुळें बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्यांस त्या दिवशीं दार मोकळें झालें, आणि बसावयास नवीं बांकें आणावीं लागलीं. पुढें गमलीएल क्षमा मागण्यास यहोशुवांच्या घरीं गेले. तेथल्या भिंती काजळीनें काळ्या झालेल्या पाहून, आपण कोळशाचें काम करून पोट भरतां काय, असें त्यांनीं आश्चर्यानें विचारलें. ज्या पिढीच्या पुढाऱ्याला विद्वानांच्या पोटापाण्याची दशा ठाऊक नाहीं त्या पिढीची कींव येते, अशा आशयाचें उत्तर त्यांना मिळालें. शेवटीं समेट होऊन गमलीएल यांस त्यांचें पद बहुतांशीं परत मिळालें.

ताल्मूदांतील ही कथा प्रार्थनेविषयींच्या प्रकरणांतच यावी, हें अर्थपूर्ण आहे. रोज तीन वेळां म्हणावयाचा नियम करणाऱ्यास शेजाऱ्याच्या घरची काजळी दिसली नव्हती. आणि ज्या प्रश्नावरून हें सारें रामायण घडलें त्याचा निकाल काय लागला? शास्त्रदृष्ट्या रात्रीची प्रार्थना ऐच्छिकच मानली गेली. पण लोकांनीं ती आपण होऊन नित्याची केली. आज ती इतर दोन प्रार्थनांइतकीच बंधनकारक समजली जाते. सक्तीनें जें साधलें नसतें तें लोकांच्या ओढीनें साधलें.

या पेचाचें सर्वांत मार्मिक उत्तर बाराव्या शतकांत मैमोनिडीस या तत्त्ववेत्त्यानें दिलें. हा जन्मानें स्पेनचा, आयुष्याच्या उत्तरार्धांत इजिप्तमधील राजवैद्य. आपल्या महान् धर्मसंहितेंत तो म्हणतो कीं, प्रारंभीं प्रार्थनेला ठराविक शब्द नव्हते व संख्याहि नव्हती. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें ती चाले. पण बाबिलोनच्या बंदिवासानंतर लोकांची भाषा भेसळीची झाली. मनांतलें नीट मांडावें असे शब्द त्यांस सुचेनात. म्हणून एज्रा व त्याच्या सभेनें प्रार्थना रचून दिली. हेतु हा कीं, ज्याची जीभ अडखळते त्याची प्रार्थनाहि वाक्पटु माणसाच्या प्रार्थनेइतकीच सुरेख व्हावी. या उपपत्तींतील इतिहास आजच्या संशोधकांस जसाच्या तसा मान्य होणार नाहीं. पण तिच्यांतील विचार मोलाचा आहे. ठराविक प्रार्थना हें भावनेवर घातलेलें बंधन आहे असें आपण सहज समजतों. मैमोनिडीसाच्या दृष्टीनें तें मुक्याला दिलेलें दान आहे. ज्याच्याजवळ शब्द आहेत त्याला नियमाची गरज थोडी. ज्याच्याजवळ शब्द नाहींत त्याच्यासाठीं नियम.

मात्र तोच ग्रंथकार लगेच दुसरी बाजूहि सांगतो. चित्ताची एकाग्रता, जिला हिब्रूंत ‘कव्वाना’ म्हणतात, ती नसेल तर प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. प्रवासानें शिणलेल्या किंवा दुःखानें व्याकुळ झालेल्या माणसानें मन ठिकाणावर येईपर्यंत थांबावें, अशी त्याची आज्ञा आहे. पुढच्या काळच्या शास्त्रकारांनीं हा नियम शिथिल केला, आणि त्याचें कारण मोठ्या प्रांजळपणें दिलें : हल्लीं आपली एकाग्रता एरवींहि फारशी नसते, तेव्हां थांबून तरी काय लाभ? नियमग्रंथानें मनुष्याची दुर्बलता इतक्या सरळपणें कबूल करावी, हें विरळा आढळतें.

नवव्या शतकांत बाबिलोनिया देशांतील सूरा येथील विद्यापीठाचे प्रमुख अम्राम यांनीं स्पेनमधील यहुद्यांच्या विनंतीवरून वर्षभराच्या प्रार्थना क्रमवार लिहून पाठविल्या. हा पहिला व्यवस्थित प्रार्थनासंग्रह, अर्थात् ‘सिद्दूर’. पुढच्या शतकांत सादिया या पंडितानें दुसरा रचला आणि त्यांतील सूचना लोकांच्या व्यवहारांतील अरबी भाषेंत लिहिल्या. १४८६ सालीं इटलींत सिद्दूर छापला गेला. पुस्तक हातीं आलें, तसा नियम आणखी पक्का झाला. आणि नियम पक्का झाला तसा भावपक्षहि उसळून वर आला. अठराव्या शतकांत पूर्व युरोपांत बाल शेम तोव्ह यांच्या प्रेरणेनें हसीदी पंथ निघाला. त्यांच्या अनुयायांनीं गायन, डोलणें व आनंद यांना प्रार्थनेंत मोठें स्थान दिलें, आणि मनाची तयारी होईपर्यंत नेमलेली वेळहि टळूं दिली. याबद्दल १७७२ सालीं व्हिल्ना येथील सनातन्यांनीं त्यांस बहिष्कृत केलें. उलट बाजूनें, जर्मनींतील हॅम्बुर्ग येथें १८१८ सालीं उघडलेल्या सुधारकांच्या प्रार्थनामंदिरांत जर्मन भाषा व ऑर्गन वाद्य आलें, आणि बलिदानाच्या पुनरुज्जीवनाविषयींचे शब्द बदलण्यांत आले. कारण ज्यावर आपला विश्वास नाहीं तें तोंडानें म्हणणें त्यांना अप्रामाणिकपणाचें वाटलें. हसीदी म्हणत, मन शब्दांपर्यंत चढलें पाहिजे. सुधारक म्हणत, शब्द मनाशीं जुळले पाहिजेत. दोघांची तळमळ एकच होती.

या इतिहासाचें एक पान आपल्या कोंकणांत लिहिलें गेलें आहे, आणि माझ्या मतें तें सर्वांत उद्बोधक आहे. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें व सात जोडपीं तेवढीं वांचलीं, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ समुद्रांत बुडाले. ते कुलाबा जिल्ह्याच्या गांवांतून तेलाचे घाणे चालवूं लागले, मराठी बोलूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ या नांवानें ओळखले जाऊं लागले. सिद्दूर नाहीं, आमिदा नाहीं, गुरु नाहीं, हिब्रू भाषेचें ज्ञान नाहीं. राहिला होता तो शमा. सुंता असो, लग्न असो, प्रेतसंस्कार असो, प्रत्येक प्रसंगीं तेंच एक वाक्य ते म्हणत. पुढें डेव्हिड राहाबी या यहुद्यानें त्यांना ओळखलें आणि त्यांच्यांतील कांहींना विद्या देऊन धर्मकृत्यांस नेमलें, असें ते सांगतात.

त्यानंतर हरवलेलें हळूहळू परत येत गेलें. कंपनी सरकारच्या फौजेंतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईस ‘दयेचें द्वार’ या अर्थाच्या नांवाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. टिपूच्या कैदेंतून सुटका झाल्याची ती कृतज्ञता होती, असें म्हणतात. जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत उतरविले. प्रार्थना कोणत्याहि भाषेंत चालते, अशी मिश्नेचीच अनुज्ञा असल्यामुळें मराठीलाहि तो मान मिळण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. आणि एलिया प्रेषिताच्या स्मरणार्थ पोहे, गूळ व खोबरें यांचा ‘मलिदा’ पुढें ठेवून हिब्रू प्रार्थना म्हणण्याची त्यांची खास चाल तर जगांतील इतर यहुद्यांत आढळत नाहीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर या समाजांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. मुंबई, ठाणें, पुणें व रायगड जिल्हा येथें त्यांचीं प्रार्थनामंदिरें अद्याप उभीं आहेत. पण खेड्यापाड्यांतून आतां दहा जण जमविणें दुर्घट झालें आहे. नियमाप्रमाणें पाहिलें तर दहा नाहींत तेथें कद्दीश नाहीं. ज्यांचे पूर्वज एका वाक्यावर शतकानुशतकें टिकले, त्यांच्या गांवीं आज ग्रंथ आहेत, दिवे आहेत, भाषांतरेंहि आहेत. उणीव आहे ती माणसांची.

बेने इस्राएलांच्या त्या एका वाक्याचा विचार करतां नियम व भाव यांचा वाद थोडा निराळा दिसूं लागतो. घाण्यावरचा तो तेली जें म्हणत होता त्यांतील शब्दन् शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक असेल, असें म्हणवत नाहीं. एलीएजर यांच्या कसोटीनें ती निव्वळ ठराविक प्रार्थना ठरेल. परंतु तें वाक्य त्याच्या बापानें म्हटलें होतें, त्याच्या मुलाच्या जन्मीं तो तें म्हणत होता, आणि त्याच्या प्रेतापुढें दुसरे कोणी तें म्हणणार होते. अर्थ लोपल्यावरहि शब्द राहिले, म्हणून अर्थाला परत यावयास जागा उरली. याव्ने येथील विद्वानांनीं अठरा कलमें बांधून दिलीं तीं अशाच दिवसांसाठीं, कीं ज्या दिवशीं मंदिर नाहीं, गुरु नाहीं, आणि मनालाहि कांहीं सुचत नाहीं. भाव आपल्या आज्ञेंत नसतो. तो कधीं येतो, कधीं येत नाहीं. तो येईल तेव्हां त्याला दार उघडें सांपडावें, एवढेंच मनुष्याच्या हातीं असतें, आणि यहुदी लोकांनीं तें दार साडेएकोणीसशें वर्षें दिवसांतून तीन वेळां उघडलें आहे.